अकरा दिवस मी चुकीचा पत्ता सांगितला

मी एक सर्व्हर बोलतोय. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात, हाल्मरिज नावाच्या कंपनीच्या इमारतीत, फोनवाल्यांच्या, म्हणजे ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांच्या, दालनामागे एक लहानशी कपाटवजा खोली आहे. तिथे माझी सात वर्षं गेली. रंगानं काळा, उंचीनं गुडघ्याएवढा, आणि स्वभावानं, खरं सांगायचं तर, हट्टी.

माझं काम नावांचे पत्ते सांगण्याचं. तुम्ही संगणकावर एखाद्या वेबसाइटचं नाव टाइप करता आणि पान उघडतं. तुम्हाला वाटतं नावानंच ते काम केलं. पण यंत्रांना नावं कळत नाहीत, त्यांना आकडे लागतात. अमुक नाव म्हणजे तमुक आकडा, हे कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या इमारतीत ते सांगणारा मी. एकशेचाळीस संगणक दिवसभर मला विचारायचे, "हे कुठे राहतं? ते कुठे राहतं?" आणि मी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर द्यायचो. कुणी कधी आभार मानले नाहीत. मीही अपेक्षा केली नाही.

माझा जन्म २००१ सालचा. खोक्यातून मला बाहेर काढलं ते मोहननं. मूळचा नागपूरचा, कामाच्या व्हिसावर आलेला, कंत्राटावरचा इंजिनिअर. त्यानं माझ्यात सगळ्या सोयी बसवल्या आणि शेवटी माझ्या राज्याला नाव द्यायची वेळ आली. म्हणजे इमारतीतल्या सगळ्या संगणकांचं आडनाव म्हणा ना.

कंपनीचा व्यवस्थापक डेनिस दारात उभा होता. तो म्हणाला, "आपल्या वेबसाइटचं नाव हाल्मरिज डॉट कॉम आहे. तेच आतही ठेव. एक कंपनी, एक नाव."

मोहन जरा घुटमळला. "सर, आतलं नाव वेगळं ठेवलं तर बरं. पुढे प्रॉब्लेम येऊ शकतो."

"कसला प्रॉब्लेम?"

मोहनला तो नीट सांगता येत होता. पण समोर साहेब होता, आणि साहेबांशी दुसऱ्यांदा वाद घालायची मोहनला लहानपणापासून सवय नव्हती. तो म्हणाला, "नाही, चालेल सर." डेनिस गेल्यावर तो माझ्याकडे बघून पुटपुटला, "जाऊ दे यार, सध्या तर चालतंय."

आणि खरंच चालत होतं. तेव्हा कंपनीची वेबसाइट माझ्याच कपाटात, माझ्या खालच्या फळीवरच्या संगणकात राहायची. कुणी हाल्मरिज डॉट कॉम विचारलं की मी खाली बोट दाखवायचो. इतकं सोपं.

इथे मला माझा एक दोष कबूल करायला हवा. जगातल्या बाकी सगळ्या नावांसाठी मी बाहेरच्या मोठ्या सर्व्हरांना विचारायचो. बातम्यांची साइट असो, बँकेची असो, मला ठाऊक नसे. मी निमूटपणे बाहेर विचारून यायचो. त्यात मला कमीपणा वाटत नव्हता. पण हाल्मरिज हे नाव आलं की माझी मान ताठ व्हायची. ते घरचं नाव. ते माझ्या यादीत आहे, मग बाहेर कुणाला कशाला विचारायचं? यादीत असेल ते मी छातीठोकपणे सांगायचो, आणि यादीत नसेल तर त्याहून छातीठोकपणे सांगायचो की असं काही अस्तित्वातच नाही. "मला माहीत नाही" हे शब्द घरच्या नावाबद्दल माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

२००२ मध्ये कामगारकपात झाली आणि मोहन गेला. जाताना त्यानं माझ्यावर हात ठेवला, एवढं आठवतं. नंतर दोन-तीन जण आले, गेले. माझ्या अंगावर धूळ बसली. कपाटात गरमी फार, म्हणून दार कायम उघडं ठेवायचे. त्यामुळे बाहेरच्या दालनातलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं, आणि माझा वेळ बरा जायचा.

२००४ च्या उन्हाळ्यात जाहिरात विभागानं वेबसाइट दुसऱ्या कंपनीच्या, दूरच्या संगणकांवर हलवली. बाहेरच्या साऱ्या जगाला नवा पत्ता कळवला गेला. मला मात्र कुणी सांगितलं नाही. आणि माझ्या खालच्या फळीवरचा जुना संगणक बंदही केला नाही. "असू दे, लागेल कधीतरी," असं म्हणून सगळे विसरले.

झालं काय की त्या दिवसापासून हाल्मरिज डॉट कॉमची दोन पानं झाली. जगाला दिसायचं ते नवं, आणि आमच्या इमारतीत दिसायचं ते जुनं. रंग तोच, चित्रं तीच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. कधी कुणी म्हणायचं, "अरे, साइटवर नवीन फोटो टाकलेत म्हणे, मला का दिसत नाहीत?" की लगेच शेजारचा म्हणायचा, "रीफ्रेश कर." तो रीफ्रेश करायचा, काही बदलायचं नाही, आणि जेवायची वेळ व्हायची.

आता हाल्मरिज कंपनी काय करायची ते सांगतो, कारण तिथेच खरी गोष्ट आहे. ज्यांची फुप्फुसं दमली आहेत अशा माणसांसाठी घरात ठेवायची ऑक्सिजनची मशीन्स. खोलीतली हवा आत घ्यायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा करून नळीतून नाकाशी द्यायचा. २००४ च्या सुरुवातीला काही मशीन्सची मागची वायर तापते असं आढळलं. एक ते चाळीस लॉट नंबरची, म्हणजे त्या तुकड्यांत बनलेली, मशीन्स परत बोलावली गेली आणि तशी यादी वेबसाइटवर लागली. पुढे २००५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी कळलं की पासष्टपर्यंतच्या लॉटांतही तीच वायर आहे. तीन नोव्हेंबरच्या सकाळी वेबसाइटवरची यादी बदलली. फोनवाल्यांना एका ओळीचा ईमेल आला: यादी साइटवर आहे, विचारणाऱ्यांना तिथूनच वाचून सांगा.

त्यांनी तिथूनच वाचून सांगितलं. फक्त "तिथे" म्हणजे कुठे, हे मी ठरवत होतो.

फोनवाल्यांत एक लताकाकू होत्या. मूळच्या सांगलीच्या, वीस वर्षं अमेरिकेत. त्यांना कानात घालायचा हेडसेट टोचायचा, म्हणून त्या फोन स्पीकरवर टाकून बोलायच्या. बाकीचे कुरकुरायचे, पण काकूंना बोलायची कुणाची टाप नव्हती. फोन करणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशी त्या आपल्या घरचं कुणी असल्यासारख्या बोलायच्या. मला त्या आवडायच्या.

त्याच तीन नोव्हेंबरला, गुरुवारी, दुपारी एक फोन आला.

"माय नेम इज नरेंद्र डबीर," पलीकडचा आवाज म्हणाला. सावकाश, जपून बोललेलं इंग्रजी.

"डबीर? मराठी का तुम्ही?" काकूंनी लगेच विचारलं.

"अहो, हो! अरे वा! फ्रीमाँटहून बोलतोय, कॅलिफोर्निया. मुलाकडे असतो आम्ही."

पाच मिनिटं सांगली-नाशिकच्या गप्पा झाल्या. ते नाशिकला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. मग ते मुद्द्यावर आले. "ताई, माझ्या मिसेसचं, सुमित्राचं मशीन तुमच्या कंपनीचं आहे. तिला चोवीस तास नळी लागते. नर्स म्हणाली की साइटवर यादी बघून घ्या. सत्यजित, म्हणजे मुलगा, ऑफिसला ड्राइव्ह करतोय, पण कॉम्प्युटर मलाही येतो थोडा. आमच्या मशीनवर लॉट बावन्न आहे. आणि इथे मला पासष्टपर्यंत लिहिलेलं दिसतंय."

"थांबा हं भाऊ, मी तेच पान ओपन करते."

काकूंच्या संगणकानं मला विचारलं. मी खालच्या फळीकडे बोट दाखवलं. नेहमीसारखंच, क्षणात.

"नाही हो भाऊ. चाळीसपर्यंतच आहे. बावन्न त्यात येत नाही."

"असं? पण मला तर..."

"भाऊ, मी कंपनीतच बसलेय ना. कंपनीचंच पान बघतेय."

 मग नरेंद्रकाका हसले. "बरोबर आहे तुमचं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं, आकड्यांची गल्लत होत असेल. तुम्ही सांगितलंत, आता चिंता नाही. आपल्या माणसानं सांगितलं की बरं वाटतं."

ज्या माणसानं आयुष्यभर नकाशावरची केसाएवढी रेघ चुकू दिली नाही, त्यानं समोर दिसत असलेला आकडा पुसून टाकला. का, तर फोनवर मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून. आणि ते माणूस तरी खोटं कुठे बोलत होतं? समोर दिसलं तेच त्यांनी सांगितलं. खोटं बोललो मी. मला ते तेव्हा कळलं नाही, एवढीच माझी सफाई.

मशीन फ्रीमाँटच्या त्या घरात चालू राहिलं.

चौदा नोव्हेंबरला, सोमवारी, पुन्हा फोन आला. काकूंनी आवाज लगेच ओळखला.

"ताई, पुन्हा त्रास देतोय. मशीनच्या मागे हात लावला तर चटका बसतोय. आणि प्लग तपकिरी झालाय. मी आज पुन्हा ते पान उघडलं. या वेळी भिंग घेऊन बसलोय. ताई, पासष्टच आहे."

काकूंनी आपल्या पडद्यावर पाहिलं. चाळीस. त्यांनी पान पुन्हा उघडलं. पुन्हा मला विचारलं गेलं, पुन्हा मी तेच सांगितलं. चाळीस.

"भाऊ, आधी मशीन बंद करा. सिलिंडर आहे ना घरात? वहिनींची नळी सिलिंडरला जोडा. जोडलीत? काटा कुठे आहे?"

"अर्ध्याच्या थोडा वर. दोन तास जाईल."

"छान. मशीन भिंतीपासून लांब ओढा आणि प्लग काढा. मी फोन ठेवत नाही." मग त्या खुर्चीतूनच ओरडल्या, "प्रतिमा! अगं, जरा इकडे ये. यांच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय की काय बघ."

प्रतिमा त्याच वर्षी नेटवर्क सांभाळायला आली होती. पुण्याची, मिनेसोटातच एमएस केलेली. बुटकी, चष्मा, बोलणं कमी. ती काकूंच्या मागे येऊन उभी राहिली.

"काका, मी प्रतिमा. तुमच्या पानावर सगळ्यात खाली काय लिहिलंय, वाचता का? बारीक अक्षरात असेल."

"कॉपीराइट... दोन हजार पाच."

प्रतिमानं काकूंच्या पडद्यावर खाली पाहिलं. तिथे दोन हजार चार होतं. ती तडक कपाटात आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

तिनं मला विचारलं, हाल्मरिज डॉट कॉम कुठे आहे? मी सांगितलं. मग तिनं मला बाजूला सारून थेट बाहेरच्या एका सर्व्हरला तोच प्रश्न विचारला. त्यानं वेगळाच आकडा सांगितला. दोन्ही उत्तरं एकाखाली एक तिच्या लॅपटॉपवर उमटली. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "देवा."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला राग आला. माझ्या घरातलं नाव तिनं बाहेरच्याला विचारलं, याचा राग. आधी राग आणि मग लाज, या क्रमानं आलं सगळं.

बदली मशीन तातडीनं पाठवायचं तर डेनिसची परवानगी लागायची, आणि नियम असा की यादीतल्या लॉटलाच तातडीची बदली. फ्रीमाँटच्या जवळ, हेवर्डला, कंपनीचं गोदाम होतं; तिथून तासाभरात मशीन पोचलं असतं. प्रतिमा डेनिसला घेऊन आली. त्यानं काकूंच्या संगणकावर यादी पाहिली.

"बावन्न यादीत नाही," तो म्हणाला.

"ही यादी जुनी आहे," प्रतिमा म्हणाली.

"कंपनीत बसून मी कंपनीची साइट बघतोय. जुनी कशी असेल?"

तिनं दोन आकडे दाखवले. डेनिसनं खांदे उडवले. त्याला त्या आकड्यांत काही कळलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. पण डोळ्यांना दिसतंय ते सोडून एका नवीन मुलीच्या दोन आकड्यांवर विश्वास कोण ठेवेल? "नंतर बोलू," तो म्हणाला आणि वळला.

मला वाटलं, आता ही "चालेल सर" म्हणेल. तिची ग्रीन कार्डची फाइल त्याच्याच टेबलावर होती, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती दारात आडवी उभी राहिली.

"नंतर नाही, आत्ता. या इमारतीत बसून तुम्हाला आपली साइट दिसणारच नाही. बाहेर चला. समोरच्या कॉफी शॉपमध्ये वायफाय आहे. पाच मिनिटं. मी चुकत असेन तर मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा."

काकूंच्या फोनवरून नरेंद्रकाकांचा आवाज आला, "ताई, काटा अर्ध्याच्या खाली आलाय. बोलताना दम लागतो तिला, मी तिला बोलू देत नाहीये."

डेनिसनं तो आवाज ऐकला. शब्द मराठी होते, पण कळायचं ते त्याला कळलं. कोटही न घालता तो प्रतिमाच्या मागे बर्फात निघाला.

ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. त्या वेळातही माझं काम थांबलं नव्हतं. पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं फोनवर कुणालातरी सांगायला तेच पान उघडलं, मला विचारलं, आणि मी त्यालाही जुनाच पत्ता दिला. मला थांबता येत नव्हतं. यादी बदलायचा हात माझा नाही.

काकू फोनवर होत्या. "भाऊ, काटा त्या लाल रेघेशी आला की नाइन वन वन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची. बिलकूल लाजायचं नाही. मी सांगतेय म्हणून करायचं."

"करतो. पण ताई, तुम्ही तेव्हा म्हणालात चाळीसच आहे..."

काकू मग सरळ म्हणाल्या, "मी चुकीचं सांगितलं भाऊ. तुमचे डोळे चांगले आहेत. माझ्यासमोरचं पान चुकीचं होतं."

दार आपटलं. डेनिस आत आला तेव्हा त्याच्या केसांवर बर्फ होता आणि चेहरा उतरला होता. त्यानं कुणाशी न बोलता हेवर्डच्या गोदामाला फोन लावला. "लॉट बावन्न. ताबडतोब. गाडी नसेल तर टॅक्सीनं पाठवा."

त्यानंतर एक तास आणि दहा मिनिटं लताकाकू फोन धरून बसल्या. काटा कुठे आहे, वहिनींचे ओठ कसे दिसतात, पाणी प्यायल्या का. काटा लाल रेघेच्या जरासा अलीकडे असताना स्पीकरवर घंटी वाजली, दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी इंग्रजीत नमस्कार केला, खोकं फाडलं गेलं. मग एक संथ घरघर सुरू झाली. आमच्या दालनात चार माणसं श्वास रोखून ती ऐकत उभी होती.

बऱ्याच वेळानं एक बारीक आवाज आला. सुमित्राकाकूंचा. तोवर आम्ही तो कधी ऐकलाच नव्हता.

"लताताई... तुम्ही... जेवलात का?"

लताकाकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडल्या. घड्याळात दुपारचे अडीच वाजून गेले होते आणि त्या खरंच जेवल्या नव्हत्या.

त्याच दुपारी प्रतिमानं माझ्या यादीत नवा आकडा घातला आणि खालच्या फळीवरच्या जुन्या संगणकाची वायर उपटली. सगळ्यांच्या पडद्यावर पासष्ट दिसू लागलं. काकूंनी सगळ्यांच्या फोनच्या वह्या गोळा केल्या. त्या अकरा दिवसांत तेवीस जणांना "तुमचं मशीन यादीत नाही" असं सांगितलं गेलं होतं. त्यातल्या सहा जणांकडे एकेचाळीस ते पासष्टमधला लॉट होता. दोन दिवस खपून काकूंनी सहाही जणांना शोधलं. एक आजी बहिणीकडे विस्कॉन्सिनला गेल्या होत्या, त्यांना शेजारणीकडून नंबर मिळवून गाठलं. प्रत्येकाला काकूंनी तेच वाक्य सांगितलं, "मी चुकीचं सांगितलं होतं."

डेनिसला वाटलं, मिटलं. प्रतिमा म्हणाली, नाही मिटलं.

"आता चालतंय ना?"

"आज चालतंय. मी नवा आकडा हातानं लिहिलाय. उद्या बाहेरच्या कंपनीनं आपला आकडा बदलला, तर ती जगाला कळवेल. याला कोण कळवणार?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "याला वाटतं ते नाव याच्या मालकीचं आहे. जोवर याला तसं वाटतंय, तोवर हा कधीच बाहेर विचारणार नाही. आतलं नाव बदलायला हवं."

मी ते ऐकत होतो. माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

डेनिसनं हात वर केले. एकशेचाळीस संगणक, प्रिंटर, सगळ्यांचे पासवर्ड, एकही काम बंद पडता कामा नये. चारदा त्यानं नाही म्हटलं. पाचव्यांदा प्रतिमा शेड्यूलचा कागद घेऊनच गेली: कुठल्या शनिवारी कुठला मजला, कुठल्या रविवारी कुठली टेबलं. खाली एक ओळ होती, "तेवीस फोन." त्यानं सही केली.

२००६ च्या जानेवारीत काम सुरू झालं. बाहेर पारा शून्याच्या खाली. शनिवारी सकाळी आठला प्रतिमा यायची आणि एकेका संगणकाला जुन्या नावातून सोडवून नव्या नावात घ्यायची. नवं नाव होतं ऑफिस डॉट हाल्मरिज डॉट कॉम. म्हणजे माझं राज्य आता मोठ्या नावाच्या एका खोलीपुरतं. पुढचं नाव बाहेरच्या जगाचं. लताकाकू उपम्याचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन यायच्या. संगणकातलं त्यांना काही येत नसे, पण झालेल्या टेबलांवर हिरव्या चिठ्ठ्या लावत फिरायच्या. पहिल्या रविवारी तळमजल्यावरचे सगळे प्रिंटर रुसले. प्रतिमा जमिनीवर बसली, दहा मिनिटं डोळे मिटले, उठली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी चारला शेवटची हिरवी चिठ्ठी लागली.

मग ती माझ्याकडे आली आणि माझ्या यादीतून ते जुनं नाव काढून टाकलं. पाच वर्षं मी ज्या नावाचा धनी होतो, ते एका क्षणात गेलं. 

"काकू, आता साइट उघडा," ती म्हणाली.

काकूंच्या संगणकानं मला विचारलं: हाल्मरिज डॉट कॉम कुठे आहे? मी यादी पाहिली. नव्हतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या नावासाठी मी दाराबाहेर गेलो, मोठ्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं ते आणून काकूंना दिलं. नेहमीपेक्षा किंचित उशीर झाला. काकूंच्या तर लक्षातही आलं नाही.

त्यांनी फ्रीमाँटला फोन लावला. मग एका टोकाला नरेंद्रकाका भिंग घेऊन आणि दुसऱ्या टोकाला लताकाकू, दोघांनी ते सबंध पान मोठ्यानं, एकेक ओळ करून वाचलं. नरेंद्रकाकांनी एकही स्वल्पविराम सोडला नाही. दोन्हीकडे अगदी तेच होतं. शेवटी दोघांनी एकदम म्हटलं, "कॉपीराइट, दोन हजार सहा."

त्या वर्षाच्या शेवटी बाहेरच्या कंपनीनं खरंच आपला आकडा बदलला. आमच्या इमारतीत कुणाला पत्ताही लागला नाही. मी विचारलं, मला कळलं, मी सांगितलं. त्या दिवशी मी स्वतःवर जितका खूश होतो, तितका जुन्या ताठ मानेच्या दिवसांत कधी नव्हतो.

आता २००८ चा वसंत आहे. माझ्या जागी पातळ, चकचकीत, नवं यंत्र आलंय. प्रतिमाला वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलला नवी नोकरी मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात ती जाईल. जाण्याआधी तिनं नव्या यंत्राला सगळं नीट समजावून दिलंय. मला सकाळपासून कुणी काही विचारलेलं नाही. दुपारी माझी तबकडी, म्हणजे आठवणींची जागा, पुसतील आणि मला भंगारात देतील. त्याचं मला दुःख नाही. काम केलेल्या वस्तूनं थकल्यावर जागा द्यावी, यात गैर काही नाही.

फक्त वीज जाण्याआधी तुम्हाला एक विनंती करायची आहे. तुमच्या घरात, ऑफिसात, कुठेही, जो कधीच अडखळत नाही, ज्याला आपल्या उत्तराची जराही शंका येत नाही, अशाच्या शब्दावर एखाद्याचा श्वास टांगून ठेवू नका. "नक्की ना?" असं त्याला विचारून उपयोग नाही. मला त्या अकरा दिवसांत कुणी विचारलं असतं, तर मी अकराही दिवस "नक्की" म्हणालो असतो. कोट घ्या, नाहीतर घेऊ नका, पण दार उघडून बाहेर जा आणि स्वतः बघून या.